अखंड लाकडाचे घर

अखंड लाकडाचे घर : झाड करवतीखाली न घालता, फक्त साल सोलून आणि फांद्या छाटून, मूळच्या गोल आकारातच वापरून उभारलेले घर. विदर्भात ही बांधणी गडचिरोली, चंद्रपूर आणि गोंदिया जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात, यवतमाळच्या कोलाम पोडांत (वस्त्यांत) आणि अमरावतीच्या मेळघाटात आढळते. गोंड, माडिया, कोलाम, कोरकू आणि त्यांच्या शेजारी राहणारे शेतकरी, ढिवर, बुरूड अशा सगळ्यांनी ती आपापल्या परीने केली आहे. गोल लाकडाला इकडे ‘बल्ली’ म्हणतात. खांब बल्लीचे, भिंत बांबूच्या कुडाची, वर कवेलू (कौले) आणि खाली शेणाने सारवलेली जमीन, असा या घराचा साधा हिशेब. सरकारी कागदावर त्याची नोंद ‘कच्चे’ अशी होते. या शब्दाने घरांचे आणि ती बांधणाऱ्यांचेही मोठे नुकसान केले आहे.

या घराची गोष्ट भिंतीपासून सुरू करता येत नाही. ती जंगलापासूनच सुरू करावी लागते. लाकूड कुठून आणायचे, कोणते झाड ठेवायचे आणि ते आणण्याचा हक्क कोणाचा, हे ठरल्याशिवाय पहिला खड्डाही खणला जात नाही.

झाडाची निवड

घराच्या प्रत्येक अंगाला वेगळे लाकूड लागते. जमिनीत गाडायच्या खांबाला पाणी आणि वाळवी सोसणारे लाकूड हवे, म्हणून साग किंवा बिजा. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल आणि वाळवीला न रुचणारी द्रव्ये असतात. बाहेरच्या फिकट रसकाष्ठात ती नसतात. म्हणून हाताच्या मनगटाएवढी कोवळी सागबल्ली सागाची असूनही लवकर किडते आणि जुन्या झाडाचा खांब दोन पिढ्या टिकतो. येन (ऐन) वजनदार आणि बळकट, तो आडव्या मयालीला (तुळईला) चांगला. धावडा चिवट, म्हणून तो कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि बैलगाडीलाही जातो. गडचिरोली-चंद्रपूरकडे कुंपणाच्या डांबांना गराडी वापरतात. तिचा पाला विषारी असल्याने गुरे तिला तोंड लावत नाहीत आणि गावाजवळच्या चराईच्या रानातही ती वाढत राहते. वाशांसाठी सरळ वाढलेल्या बारीक बल्ल्या किंवा बांबू.

घरासाठी न कापायची झाडेही ठरलेली असतात. मोह, चार (चारोळीचे झाड) आणि तेंदू ही खाऊपिऊ घालणारी झाडे. मोहाचे झाड तर अनेक गावांत कुटुंबागणिक वाटून दिलेले असते आणि त्याचा वारसाही चालतो. जे झाड दर उन्हाळ्यात फुले देते, त्याचा खांब करणे म्हणजे दुभती गाय कापण्यासारखेच.

तोडणीचा काळ दिवाळीनंतरचा. पावसाळ्यात झाडात पाणी भरपूर असते, लाकूड वाळताना तडकते आणि बुरशी धरते. बांबूच्या बाबतीत हे पथ्य आणखी कडक आहे, कारण बांबूत साखर आणि पिष्ट असते आणि घुण नावाचा भुंगेरा नेमका त्यावरच जगतो. तोडलेला बांबू काही आठवडे नाल्याच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला की ही साखर धुऊन जाते आणि घुण कमी लागतो. बांबू अंधाऱ्या पक्षात तोडावा असेही सांगतात. जुलै ते सप्टेंबर या काळात बांबूच्या बेटातून नवे कोंब वर येतात. गडचिरोलीत त्यांना ‘वास्ते’ म्हणतात आणि त्यांची भाजी करतात. त्या दिवसांत बेटात शिरून तोड केली तर पुढच्या सालचा बांबू पायाखालीच मरतो. म्हणून एक-दोन वर्षांचा बांबू राखायचा, तीन वर्षांवरचा काढायचा आणि काप जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या वर घ्यायचा. विदर्भात सर्वाधिक आढळणारा भरीव बांबू साधारण २५ ते ४५ वर्षांनी एकदाच फुलतो आणि फुलून मरतो. त्या वर्षी अख्खे रान पिवळे पडते. घर बांधायला निघालेल्या माणसाला तेव्हा रानात नव्याने उगवलेले रोप मोठे होईपर्यंत थांबावे लागते.

गोल लाकडाचे बळ

करवतीने चौकोनी केलेली तुळई दिसायला व्यवस्थित असते, पण तिची किंमत फार पडते. गोल ओंडक्यातून मोठ्यात मोठा चौरस काढला तरी छेदाचा सुमारे ३६ टक्के भाग भुसा आणि फळकुटे होऊन बाजूला पडतो. वाकण्याला विरोध करण्याची ताकद तर त्याहून अधिक घटते: निव्वळ भूमितीने पाहिले तरी अखंड गोल बल्ली तिच्यातून काढलेल्या चौरस तुळईच्या सुमारे १.६७ पट भार सोसते. शिवाय झाडाचे तंतू गाठीला वळसा घालून वाढलेले असतात. करवत ते तंतू तिरपे कापते आणि लाकूड नेमके तिथेच मोडते. बल्लीत हे तंतू अखंड राहतात.

सर्वांत मोलाचा भाग म्हणजे बेचके. जिथे खोडाला फांदी फुटते तिथले तंतू एकमेकांत विणलेले असतात आणि सुताराने केलेला कोणताही सांधा त्याची बरोबरी करू शकत नाही. अशा बेचक्याच्या खांबाला ‘मेढ’ म्हणतात. मेढीच्या बेचक्यात आढे किंवा मयाल नुसती ठेवायची आणि वरून वेलाने किंवा दोराने आवळायची. खिळा लागत नाही. दोर पळसाच्या मुळांच्या सालीचा किंवा माहुलीच्या वेलाच्या सालीचा. वाऱ्याने घर थोडे हलते आणि पुन्हा जागेवर येते. योग्य उंचीवर, योग्य कोनात फुटलेले बेचके सापडायला रानात दोन-दोन दिवस हिंडावे लागते. पुढे घरात चांगली वाटणारी एखादी मेढ रानातच हेरून ठेवलेली असते आणि गावातल्या इतरांना ती कोणाची हे ठाऊक असते.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात अलीकडच्या काळात काही वास्तुरचनाकारांनी हाच मार्ग धरला आहे. जंगल विरळ करताना निघणारी, करवतगिरणीला नको असलेली बारकी आणि वाकडी झाडे तिथे अख्खी वापरून मोठ्या इमारती उभ्या केल्या जातात. तिकडे ही नवी वास्तुकला ठरली आहे; इकडच्या माणसाला मात्र आपल्या बल्लीच्या घराची लाज वाटायला शिकवले गेले. विदर्भातल्या वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयांनी मेढीचे बेचके अभ्यासाला घ्यावे, इतके ते श्रेष्ठ काम आहे.

भिंत, छप्पर आणि वस्तीची मांडणी

भिंतीवर छताचा भार नसतो. तो खांबांवर असतो. म्हणून भिंत हलकी चालते: बांबूच्या कमच्यांचा, तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कूड विणून त्याला दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि धानाचा कोंडा यांचा लेप देतात. कवेलू दरवर्षी मिरगाआधी फेरावे लागतात. माकडांचा उपद्रव वाढल्यापासून आणि कवेलू थापणारे कुंभार कमी झाल्यापासून हे काम फार जड झाले आहे. टिनपत्रे त्यामुळेच आली.

मेळघाटात कोरकूंची घरे रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर, एका रांगेत असतात. माडिया वस्तीत घरे विखुरलेली, प्रत्येकाभोवती बांबूचे कुंपण आणि परसात मका. कोलाम पोडाच्या मधोमध चावडी. धान साठवायची ढोलीही बांबूचीच. वर्धा जिल्ह्यातली सेवाग्रामची बापू कुटी याच नात्यातली आहे. महात्मा गांधी १९३६ साली तेव्हाच्या शेगाव या खेड्यात राहायला आले, तेव्हा माती, बांबू, बल्ल्या आणि कवेलू यांतूनच आश्रमाच्या कुट्या उभ्या राहिल्या. नीट राखल्याने त्या आजही पाहता येतात.

जमिनीलगतची वीत

या घराचा खरा दुबळेपणा एका वितीत असतो. खांब जमिनीत खोल सडत नाही, कारण तिथे हवा नसते. वर सडत नाही, कारण तिथे ओल नसते. जमिनीलगत मात्र ओल आणि हवा दोन्ही मिळतात आणि बुरशी व वाळवी तिथूनच शिरतात. म्हणून गाडायचे टोक आगीत कोळसा होईपर्यंत भाजायचे, खड्ड्यात मुरूम आणि दगड भरायचे, छपराची वळचण लांब काढायची. कोणी जळके ऑइल चोपडतो. खांब दगडाच्या बैठकीवर उभा केला तर आयुष्य पुष्कळ वाढते, पण मग घर वाऱ्यात ताठ धरण्यासाठी तिरके टेकू द्यावे लागतात. चुलीचा धूर वर कोंडतो आणि वाशांवर काजळी चढते. त्या काजळीने वासे टिकतात. बाईच्या फुप्फुसांना मात्र तोच धूर सोसावा लागतो आणि हे झाकून या घराचे कौतुक करणे योग्य नाही.

निस्तार आणि गोटुल

घरबांधणीचे लाकूड, जळण, कुंपणाचे काटे, गुरांची चराई या घरगुती गरजा जंगलातून भागवण्याच्या हक्काला पूर्व विदर्भात ‘निस्तार’ म्हणतात. हा भाग पूर्वी मध्यप्रांतात होता आणि बरेच जंगल जमीनदारांकडे होते. १९५० साली जमीनदारी संपवणारा कायदा झाला, जंगल शासनाकडे गेले आणि गावोगावी निस्तार पत्रके तयार झाली. कागदावर हक्क राहिला. प्रत्यक्षात दर बल्लीसाठी कोणाची तरी परवानगी आली. भारतीय वन अधिनियम १९२७ सालचा, त्यात जंगल हे शासनाचे आणि माणूस हा त्यातला संभाव्य चोर, ही दृष्टी आहे. वर्षातून दोन बल्ल्या आणणारा आणि ट्रकने साग नेणारा तिच्या लेखी सारखाच.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात हा प्रश्न एका इमारतीवरून पेटला. गोटुल म्हणजे गावातल्या तरुण मुलामुलींचे एकत्र येण्याचे, शिकण्याचे आणि गावाच्या बैठकीचे घर. १९८०च्या दशकात गावाने ते नव्याने बांधायचे ठरवले आणि त्यासाठी निस्तार हक्काने जंगलातून सागाचे लाकूड आणले. वनखात्याने हे लाकूड बेकायदा ठरवून गोटुल पाडले. मग गाव पुन्हा बसले, आजूबाजूची गावे जमली आणि त्यांनीही आपापल्या गावात गोटुले उभी केली. अखंड लाकडाच्या घराने विदर्भात केलेले हे सर्वांत मोठे काम होय. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची आणि अभ्यासगटात प्रश्न समजून घेण्याची रीत बसवली. फळासाठी झाड किंवा फांदी तोडायची नाही, जंगलावर गावानेच गस्त घालायची, असे नियम गावाने स्वतः केले.

वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्यानुसार २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते होते. या कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवले, तरी वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडले. चंद्रपूर जिल्ह्यातले पाचगाव आणि अचलपूर तालुक्यातले पायविहीर यांनी २०१२च्या सुमारास हीच वाट धरली. इमारती लाकूड मात्र गौण वनोपजात येत नाही. बांबू विकून गावाच्या खात्यात पैसे जमतात, पण घराच्या खांबासाठी अजूनही निस्तारावर अवलंबून राहावे लागते.

वर्षाचा गाडा

जंगलावर जगणे म्हणजे लाकडावर जगणे नव्हे. मार्च-एप्रिलात मोहफुले, मेमध्ये तेंदूपाने. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांचा एक बोरा, या मापाने मजुरी ठरते. मग चारोळी, मोहाची टोळ (बी) आणि तिचे तेल. पावसाळ्यात वास्ते, सात्या (अळंबी), तरोटा (टाकळ्याची भाजी). हिवाळ्यात हिरडा, बेहडा, डिंक, लाख. लाकूड या सगळ्यात फार थोडे लागते. मोहफुले वेचायला झाडाखालचा पाला जाळण्याची सवय मात्र घातक आहे: ती आग रानात पसरते आणि उद्याच्या मेढी रोपातच जळतात. साग, येन, धावडा तोडल्यावर बुंध्यातून धुमारे फुटतात. त्यातला एक सरळ धुमारा राखून बाकीचे काढले तर काही वर्षांत वाशाची बल्ली मिळते. गुरे आणि आग यांपासून ती वाचली तरच.

घरकुलानंतर

२०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेतून साध्या भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ-दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपयांच्या मदतीने किमान २५ चौरस मीटरचे पक्के घर बांधता येते. पावसात न गळणारे, वाळवी न लागणारे घर लोकांना हवेच आहे आणि त्यांनी ते घ्यावे. पण विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि कमी उंचीच्या स्लॅबखालची खोली रात्री उशिरापर्यंत धगधगत राहते. मग जुन्या घराच्या मेढी उपसून, सडलेली वीत कापून, घरकुलापुढे छपरी घातली जाते. दिवसभर माणसे तिथे बसतात, उन्हाळ्याच्या रात्री तिथेच झोपतात, आणि टीव्ही व गॅस सिलिंडर आत स्लॅबखाली असतात.