स्त्रियांच्या कंबरेचा ८० सेंटिमीटरचा निकष : पार्श्वभूमी

चरबी किती आहे यापेक्षा ती शरीरात कुठे साठली आहे याला महत्त्व द्यावे, असे १९४७ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेच्या एका डॉक्टरांनी मांडले. रक्तातले इन्सुलिन मोजण्याची खात्रीची पद्धत १९६० मध्ये आली. १९८८ मध्ये इन्सुलिन प्रतिरोध (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही ती अवस्था), रक्तदाब आणि रक्तातली चरबी यांची एकत्र मांडणी झाली, तरी त्यात लठ्ठपणाला जागा नव्हती. पुढे या समूहाला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हटले जाऊ लागले. कंबरेचा घेर त्याच्या निदानाच्या केंद्रस्थानी आला तो त्यानंतर.

खरा वाद २००५ चा. अमेरिकी तज्ज्ञगटाने २००१ मध्ये स्त्रियांसाठी ८८ सेंटिमीटरची मर्यादा धरली होती. २००५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय संघटनेने वंशानुसार वेगळे आकडे दिले आणि घेराची अट सक्तीची केली. दक्षिण आशियाई पुरुषांची मर्यादा युरोपीय पुरुषांच्या ९४ वरून ९० वर आली. स्त्रियांना मात्र दोन्हीकडे ८० च राहिले. हा ८० चा आकडा १९९५ च्या ग्लासगोतल्या पाहणीने ठळक केला होता आणि तिथे तो मुख्यतः उंची-वजनाच्या निर्देशांकाशी (बीएमआय) ताडून काढलेला होता, इन्सुलिनशी नव्हे. स्त्रियांच्या वाट्याला आलेली ही ढोबळ मोजणी पुरेशी चर्चिली गेलीच नाही.

जपानने २००५ मध्येच पुरुषांना ८५ आणि स्त्रियांना चक्क ९० ठरवले. तिथे सीटी स्कॅनवर पोटाच्या आतल्या चरबीचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर धरून घेर काढला होता. रजोनिवृत्तीपूर्वी स्त्रियांची चरबी बरीचशी त्वचेखाली असते, त्यामुळे तेवढी आतली चरबी साठेपर्यंत त्यांचा घेर पुष्कळ वाढलेला असतो. हिशेब चुकीचा नाही, पण इन्सुलिन प्रतिरोध लवकर हेरायचा असेल तर हा आकडा फार उशिराचा. त्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तक्त्यात तो आधी घेतला गेला, नंतर जपानी स्त्रियांनाही ८० सुचवण्यात आले. जपानच्या २००८ पासूनच्या सक्तीच्या तपासणीत ९० कायम राहिला. अनेक संघटनांच्या २००९ च्या संयुक्त निवेदनाने निदानातली घेराची सक्तीच काढून टाकली.

टेप कुठे धरायची यावरही एकमत नाही. एक पद्धत शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध मोजते, दुसरी हाडाच्या वरच्या कडेला. दोहोंतला फरक पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त पडतो. परकराची नाडी घट्ट ठेवून घेतलेले माप तर कुठल्याच पद्धतीत बसत नाही.

भारतात पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासाने दाखवले की इथली बाळे जन्मतः हडकुळी असली तरी त्यांच्या अंगात चरबी टिकून असते. त्यामुळे नुसत्या वजनावर विसंबणे अवघड झाले. २००९ च्या भारतीय मार्गदर्शक सूचनांनी स्त्रियांसाठी ८० च स्वीकारला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत कंबर प्रथमच मोजली गेली, तेव्हा सुमारे ४० टक्के स्त्रिया या मर्यादेपलीकडे होत्या. पुरुषांत हे प्रमाण १२ टक्के होते.

लठ्ठपणाच्या २०२५ च्या भारतीय व्याख्येत बीएमआय २३ च्या वर गेला की लठ्ठपणा धरला आहे आणि दुसऱ्या टप्प्यासाठी घेर किंवा घेर-उंची गुणोत्तर पाहिले जाते. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा, हा नियम लावला तर १५२ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीची मर्यादा ७६ वरच येते.