बल्ब पेटला म्हणून अर्थिंग झालं असं नाही

घराचं वायरिंग संपलं की अर्थिंगची, म्हणजे उपकरणांच्या धातूच्या बॉडीला जमिनीशी जोडणाऱ्या वायरीची, खात्री करायला बऱ्याच ठिकाणी एक बल्ब बाहेर निघतो. होल्डरची एक वायर फेजला, दुसरी अर्थला. बल्ब लख्ख पेटतो आणि घरमालक निर्धास्त होतो. ही चाचणी मला घातक वाटते, आणि तिचं घातकपण शाळेतल्या ओमच्या नियमाने दाखवता येतं.

230 व्होल्टवर पेटलेल्या 100 वॉटच्या बल्बचा रोध साधारण 529 ओम असतो. घराच्या अर्थिंगचा रोध 40 ओम, म्हणजे चांगलाच वाईट, आहे असं धरू. बल्बमधून 0.43 अँपिअरऐवजी 0.40 अँपिअर जातील. शेजारी दुसरा बल्ब धरल्याशिवाय उजेडातला फरक कळायचा नाही.

आता त्याच घरात गीझरची कॉइल फुटली आणि फेज धातूच्या टाकीला लागला. 230 भागिले 40, म्हणजे जमिनीत जाणारा प्रवाह पावणेसहा अँपिअर. 2 किलोवॉटचा गीझर स्वतः 8.7 अँपिअर घेतो. दोन्ही मिळून साडेचौदाच्या आत, आणि एमसीबी, म्हणजे प्रवाह जादा झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, 16 अँपिअरचा. तो पडणारच नाही. टाकीवर जवळजवळ पूर्ण 230 व्होल्ट राहतील आणि नळाला ओला हात लागेल. ओल्या शरीराचा रोध हजार ओमच्या आसपास धरला तर त्यातून 200 मिलिअँपिअरहून जास्त प्रवाह जातो. हृदयाची लय बिघडायला याहून कितीतरी कमी पुरतो.

अर्थिंगचा खड्डा नव्याने खणून, मीठ-कोळसा भरून रोध 5 ओमवर आणला तर? प्रवाह 46 अँपिअर होईल, ट्रान्सफॉर्मरकडच्या अर्थिंगचा रोध धरला तर त्याहूनही कमी. तेवढ्यावर 16 चा एमसीबी पडायला मिनिटभरही लागू शकतो. एमसीबी बनवलेला असतो तो जादा लोड आणि शॉर्टसर्किट यांसाठी, वायर जळू नये म्हणून. आपल्याकडे बऱ्याच घरांना फेज आणि न्यूट्रल अशा दोनच वायरी येतात आणि अर्थिंग ज्याचं त्याने करायचं असतं. अशा घरात नुसता खड्डा आणि एमसीबी यांच्या भरवशावर माणूस वाचत नाही.

त्यासाठी आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, लागतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी त्याच्या आतल्या एकाच कड्यातून जातात. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह सारखे असतील तर कड्यात काही घडत नाही. कुठे गळती झाली की तफावत पडते, कड्यावरच्या गुंडाळीत वीज निर्माण होते आणि खटका सुटतो. घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचा असतो आणि तेवढ्या गळतीला त्याने 0.3 सेकंदाच्या आत पडायला हवं. तो असेल तर 40 ओमचं वाईट अर्थिंगसुद्धा कामाला येतं, कारण पावणेसहा अँपिअर ही त्याच्या लेखी प्रचंड गळती आहे. बल्बची ती चाचणी केली तरी आरसीसीबी लगेच पडेल.

मात्र त्याच्यावरचं टेस्ट बटण दाबून अर्थिंग तपासलं जात नाही. बटण आतल्या आत तफावत तयार करतं. खटका चालतो एवढंच त्यातून कळतं. अर्थची वायर मधेच तुटली असली तरी बटण पास होतं.

आणखी एक प्रकार सर्रास दिसतो. अर्थची वायर नाही म्हणून सॉकेटमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडायची. आरसीसीबी त्यामुळे सारखा पडायला लागला की तोच काढून टाकायचा. पुढे कधी खांबावरचा न्यूट्रल तुटला, तर चालू असलेल्या उपकरणांमधून फेज त्या न्यूट्रलवर येतो, आणि फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर यांच्या धातूच्या बॉडीवर पोहोचतो. हे करणाऱ्याच्या हातात घर देऊ नये.

नीट तपासणीचा क्रम ठरलेला आहे. आधी वीज बंद. प्रत्येक सॉकेटच्या अर्थपासून मुख्य बोर्डापर्यंतचा रोध मोजायचा; दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या 20 मीटर वायरीला तो पाव ओमच्या आत यायला हवा. जास्त आला तर कुठेतरी जोड ढिला आहे. मग उपकरणं आणि बल्ब काढून 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरींमधल्या इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तपासायचं. किमान 1 मेगाओम. प्रत्येक स्विच फेजवर आहे ना, तेही इथेच बघायचं. स्विच न्यूट्रलवर असेल तर बंद करूनही होल्डर जिवंत राहतो. वीज सुरू केल्यावर आरसीसीबी किती मिलिअँपिअरला आणि किती वेळात पडतो ते मीटरने मोजायचं. अर्थिंगचा रोध मोजायला जमिनीत दोन खुंट्या ठोकून वापरायचा अर्थ टेस्टर लागतो.

हे मोजमाप मे महिन्यात करावं. बेसॉल्टच्या कातळावर आणि मुरमाड जमिनीत ओल आटली की रोध भरमसाट वाढतो; काळी माती उन्हाळ्यात भेगाळून अर्थिंगसाठी पुरलेल्या इलेक्ट्रोडपासून सुटते. जुलैतला सुंदर आकडा मे महिन्यात टिकेलच असं नाही.

नव्या जोडणीच्या अर्जासोबत परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. तो घेताना सही-शिक्क्याआधी आकडे बघा: मेगरचं रीडिंग, अर्थिंगचे ओम, आरसीसीबीचे मिलिसेकंद. रकाने कोरे असतील तर मीटर घेऊन पुन्हा यायला सांगा.