स्ट्रासबर्ग कोणाचं: मुळात की मनाने?

आज फ्रान्समध्ये असलेल्या, सीमेवरच्या अल्सास प्रांतातल्या स्ट्रासबर्ग शहरावरून फ्रान्स आणि जर्मनी भांडायचे तेव्हा दोघंही 'इतिहास आमच्या बाजूने' म्हणायचे, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं दावा एकाच जातीचा आहे. तसं नाहीये. आणि गंमत म्हणजे दोन्हीकडून लढणारे मुख्य गडी प्राचीन रोमचे अभ्यासक.

१८७० चं फ्रान्स-जर्मनी युद्ध चालू होतं, ऑगस्टमध्ये जर्मन तोफांनी स्ट्रासबर्गची लायब्ररी जाळली, शेकडो वर्षांची हस्तलिखितं गेली, आणि त्याच सुमारास जर्मन इतिहासकार थिओडोर मॉमसेन इटालियन लोकांना पत्रं लिहून पटवत होते की अल्सास आमचंच आहे. लोक जर्मन बोलतात, वंशाने जर्मन, शहर फ्रेंच राजा लुई चौदाव्याने १६८१ ला बळकावलेलं, मग आम्ही परत घेतलं तर बिघडलं कुठे? हा झाला 'मुळात कोणाचं' वाला दावा. यात तिथे राहणाऱ्या माणसाला विचारायचा प्रश्नच येत नाही. ट्राइट्श्के नावाचे दुसरे जर्मन इतिहासकार तर सरळ म्हणाले, अल्सासवाल्यांचं भलं कशात आहे ते त्यांच्यापेक्षा आम्हाला जास्त कळतं. कमाल आहे!

उत्तर दिलं फ्रेंच इतिहासकार फुस्टेल द कुलांज यांनी, जे दहा वर्षं स्ट्रासबर्गलाच शिकवत होते. त्यांनी भाषा-वंशाचा मुद्दा खोडायच्या भानगडीत न पडता मान्यच करून टाकला (मला हे फार हुशारीचं वाटतं), म्हणाले असतील जर्मन, पण राष्ट्र त्यावर ठरत नाही, स्वित्झर्लंडमध्ये बघा किती भाषा आहेत, आणि अल्सास फ्रेंच झालं ते लुईमुळे नाही, १७८९ च्या क्रांतीमुळे. फ्रान्सचं राष्ट्रगीत मार्सेयेझ याच शहरात रचलं गेलं, १७९२ ला. हा 'मनाने कोणाचं' वाला दावा.

म्हणजे फरक घड्याळ कुठून सुरू करता त्याचा पण आहे. एकाचं १६८१ च्या आधी, दुसऱ्याचं १७८९ ला.

आता मनाचाच प्रश्न असेल तर मतदान घ्यायला हवं ना? जर्मनीने १८७१ ला अल्सास घेतलं तेव्हा मतदान घेतलं नाही, अल्सासच्या प्रतिनिधींनी बोर्दोला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेत निषेध केला तरी नाही. पण पहिल्या महायुद्धानंतर १९१८ ला शहर परत मिळालं तेव्हा फ्रान्सनेही घेतलं नाही. उलट लोकांना ए, बी, सी, डी अशी ओळखपत्रं वाटली, आई-बाप कुठले ते बघून. डीवाल्या जर्मनांपैकी हजारोंना हाकलून दिलं. आणि आई अल्सासची, वडील जर्मन, असा कोणी असेल तर त्याला बी.