पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो?
‘पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्याखाली हात जोडलेले इमोजी आणि ‘आपले पूर्वज किती पुढे होते!’ असे शेरे. पिंपळावरची माया मला कळते, माझीही आहे. पण ही माहिती चुकीची आहे.

पान पाण्याचा रेणू फोडतं, तेव्हा ऑक्सिजन सुटतो आणि त्याला उजेड लागतोच. शाळेतला प्रयोग आठवा: चंचुपात्रात हायड्रिला, त्यावर पालथं नरसाळं, वर पाण्याने भरलेली परीक्षानळी. उन्हात ठेवलं की बारीक बुडबुडे एकामागून एक वर चढतात. अंधारात नेलं की थांबतात. पिंपळही याला अपवाद नाही. रात्री तोसुद्धा आपल्यासारखा श्वसनासाठी ऑक्सिजन वापरतो.

गल्लत होते ती इथे. निवडुंगासारख्या वनस्पती पाणी वाचवायला पर्णरंध्रं रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. ऑक्सिजन मात्र त्याही उजाडल्यावरच तयार करतात.

आणि हो, रात्री झाडाखाली झोपलं तर जीव गुदमरतो, हेही खरं नाही. उघड्या हवेत झाडाच्या श्वसनाने जाणवण्याइतका फरक पडत नाही.