निळे पडलेले दात

लोखंडी दाराला डेडबोल्ट, म्हणजे किल्लीनं जाड बोल्ट सरकवणारं कुलूप, बसवायचा म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो: 'लोखंड आहे, ड्रिल फुल स्पीडला टाक आणि दाबून धर.' मी तेच केलं. अर्ध्या मिनिटात धूर, कान किटवणारा आवाज, आणि होल सॉ (ड्रिलला लावायची, कडेला दात असलेली वाटी; मोठं गोल भोक पाडते) बाहेर काढला तर दात चक्क निळे! दारावर फक्त एक चकचकीत गोल ओरखडा.

खरं तर अशा दारात लोखंड असतं किती? पुष्कळशी पोलादी दारं म्हणजे एकेक मिलिमीटरच्या आसपासचे दोन पत्रे आणि मधे फोम किंवा पुठ्ठ्याची जाळी. म्हणजे मला नडली ती जाडी नव्हे, भोकाची रुंदी.

डेडबोल्टच्या मुख्य भोकाचा व्यास बहुधा ५४ मिमी असतो. परीघ झाला सुमारे १७० मिमी. सॉ एकदा फिरला की प्रत्येक दात पत्र्यावर १७ सेंटिमीटर धावतो; १५०० आरपीएमला (मिनिटाला १५०० फेरे) मिनिटाला २५५ मीटर. त्याच ड्रिलला, त्याच आरपीएमला ६ मिमीचा बिट लावा, त्याची कड मिनिटाला जेमतेम २८ मीटर जाते. हायस्पीड स्टीलच्या दाताला साध्या पोलादावर मिनिटाला ३० मीटरच्या आसपासचा वेग मानवतो. त्याला परिघानं भागलं की उत्तर येतं १७५ आरपीएम. मी होतो त्याच्या साडेआठ पट पुढे.

धातू कापताना दातापुढचा थर आधी दबतो, सरकतो आणि मग कीस होऊन सुटतो. या खटाटोपात खर्ची पडलेली जवळपास सगळी ऊर्जा उष्णता होते. कीस नीट सुटत असेल तर उष्णतेचा मोठा वाटा तोच घेऊन जातो. पण दात चावलाच नाही, नुसता घासला, तर कीस नाही. उष्णता मात्र आहेच, आणि ती दातात मुरते. काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञानं म्युनिकच्या शस्त्रागारात हेच मुद्दाम केलं होतं. तोफेच्या धातूत बोथट हत्यार, धातूभोवती पाण्याची पेटी, फिरवायला घोडे. अडीच तासांत विस्तवाशिवाय पाणी उकळलं. घासत राहावं तितकी उष्णता निघतेच, म्हणजे ती तेव्हा मानत तसा धातूत साठलेला द्रव नव्हे, गती आहे, असं त्यानं १७९८मध्ये मांडलं. मी तोच प्रयोग नकळत दारावर केला, तोही घोड्यांशिवाय.

आता तो निळा रंग. तापलेल्या पोलादावर ऑक्साइडचा अतिपातळ थर चढतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून साबणाच्या फुग्यासारखे रंग दाखवतो: २२० अंश सेल्सियसच्या पुढे पिवळसर, ३०० च्या आसपास निळा. माझा सॉ स्वस्तातला, साध्या कार्बन स्टीलचा. एवढ्या तापमानाला त्याचं पाणी उतरतं, दात मऊ पडतात. हायस्पीड स्टील ६०० अंशांच्या आसपासही धार टिकवतं, कारण त्यातल्या टंगस्टन-मॉलिब्डेनमची कार्बाइडं तग धरतात.

'टायटॅनियम कोटेड, काहीही कापतो' असं छापलेले सोनेरी बिट मिळतात. खऱ्या टायटॅनियम नायट्राइडचा थर काही मायक्रॉनचा. घर्षण थोडं कमी होतं, पण परीघ काही कमी होत नाही.

दुसऱ्या खेपेला बायमेटल सॉ आणला: दात हायस्पीड स्टीलचे, अंग साध्या पोलादाचं. पंच मारून खूण केली, ६ मिमीचं भोक दोन्ही पत्र्यांतून आरपार पाडलं, कटिंग ऑइलचे चार थेंब सोडले. ट्रिगर अर्धाच दाबला, हात मात्र भक्कम ठेवला. बारीक वळलेला कीस पडू लागला. एक पत्रा बाहेरून कापला, दुसरा आतून. कडा कानशीनं मारल्या. लॉकचे स्क्रू बेतानं आवळले, नाहीतर पोकळ दाराचे पत्रे आत दबतात आणि बोल्ट अडकतो.

किल्ली फिरवली, बोल्ट निम्म्यावर थांबला. डेडबोल्टला स्प्रिंग नसते. २५ मिमीचा बोल्ट पुरता बाहेर आला तरच तो लॉक होतो, अर्धवट असताना ढकलला तर मागे जातो. बोल्ट अडला होता चौकटीत: तिच्या पत्र्यामागं काँक्रीट भरलेलं निघालं. मग मॅसनरी बिट लावला, हॅमर चालू केला, आणि इथं मात्र दाबून धरलं.