मारांडीची रोपनिर्मिती

मारांडी हे ठाणे खाडीच्या कडेने, भरतीचे पाणी चढते त्या खाजणात वाढणारे काटेरी पानांचे झुडूप. शास्त्रीय नाव ॲकँथस इलिसिफोलियस. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये दिलेले. नावाचा उत्तरार्ध पान हॉलीसारखे असल्याचे सांगतो. नाताळच्या भेटकार्डांवर लाल फळांसह छापतात ती हॉली. साम्य पानाच्या काठापुरतेच. मारांडी अडुळसा-कोरांटीच्या कुळातली, आणि नव्या वर्गीकरणात खुद्द तिवर हा खाजणातला वृक्षही याच कुळात येऊन बसला आहे.

झुडूप साधारण कमरेएवढे. मुळांनी घेतलेले जादा मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर पडते. दुपारी पानावरून बोट फिरवून जिभेला लावले तर खारट लागते. फुले निळसर जांभळी, एकाच ओठाची, म्हणजे वरची पाकळी नसल्यासारखीच. बोंड पिकून वाळले की टक्कन तडकते आणि आतल्या चपट्या बिया, जास्तीत जास्त चार, लांब उडतात.

रोपवाटिकेतली पहिली अडचण हीच. कांदळ या खाजणातल्याच दुसऱ्या झाडाची शेंग झाडावरच अंकुरते. ती उचलून चिखलाच्या पिशवीत खोचली की अर्धे काम झाले. मारांडीला ही सोय नाही. पूर्ण वाळायची वाट पाहिली तर हाती रिकामी टरफले येतात, म्हणून बोंडे तपकिरी व्हायला लागताच तोडून तोंड बांधलेल्या कापडी पिशवीत ठेवावीत. तडकली तरी बी आतच राहते. ते साठवण्यापेक्षा ताजे पेरलेले बरे.

त्याहून सोपी वाट छाटाची. चिखलावर लोळलेल्या फांद्या पेरापेरांतून आपणच मुळे सोडतात; माळ्याने फक्त त्यांचे अनुकरण करायचे. ना फार कोवळी ना जून अशी दोन-तीन पेरांची काडी घ्यावी, खालची पाने काढावीत आणि निदान एक पेर गाळात गाडावे. हातमोजे विसरू नयेत. पिशवीत खाडीचाच गाळ भरतात. सुरुवातीला सावली आणि गोडे किंवा मचूळ पाणी पुरते. खारे पाणी हळूहळू वाढवत न्यावे. खाडीकाठच्या वाफ्यात उधाणाचे पाणी आपोआप शिरते, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत मात्र ते पोहोचत नाही आणि हाताने शिंपावे लागते. कोवळे शेंडे खेकडे कुरतडतात, तेव्हा वाफ्याभोवती बारीक जाळी हवी.

छाट गोळा करायला कोयता घेऊन थेट कांदळवनात शिरता येत नाही. खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये तो महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेला. तेथे वनखात्याच्या परवानगीशिवाय फांदी तोडणे गुन्हा ठरू शकतो.

लावताना जागा पाहावी. मारांडी काठाचा गाळ धरून ठेवते आणि गोडे पाणी मिसळते तेथे, म्हणजे नाल्यांच्या मुखांशी, चांगलीच फोफावते. तिची जाळी दाट झाली की खाली पडलेले तिवराचे बी उजेडावाचून मरते. त्यामुळे वृक्षारोपणाच्या उत्साहात ती सरसकट सगळीकडे लावणे चूक. जमिनीकडच्या उघड्या, झिजत्या काठाला तिची रांग द्यावी आणि तिवराची पोरे उभी आहेत तेथून तिला लांब ठेवावे.