रिपोर्ट एक, डेटा दहा ठिकाणी : जोडणीच्या तंत्रामागचा इतिहास

गव्हाणीत मोळी पडली की कोल्हापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक साखर कारखान्यात रोज सकाळी एक कागद तयार व्हावा लागतो. कालचं गाळप किती टन, उतारा (उसातून निघालेल्या साखरेचा टक्का) किती, साखर पोती किती, मळी किती, सहवीज प्रकल्पातून ग्रिडला किती युनिट गेली. चेअरमनपासून शेती अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना तो हवा असतो, आणि पहिल्या चहाच्या आत हवा असतो. कागद एकच, पण त्यातले आकडे निदान पाच ठिकाणांहून येतात. उसाचं वजन काट्यावरच्या संगणकात, उतारा प्रयोगशाळेच्या एक्सेलमध्ये, वीज टर्बाइनच्या कंट्रोल रूममध्ये, सभासदांची खाती शेती विभागाच्या जुन्या प्रोग्राममध्ये आणि पैसे टॅलीत किंवा ईआरपीत, म्हणजे सगळ्या विभागांच्या एकत्रित सॉफ्टवेअरमध्ये.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांची गत वेगळी नाही. तिथे उसाच्या जागी हीट नंबर (भट्टीतल्या एका वितळणीचा क्रमांक) आणि उताऱ्याच्या जागी रिजेक्शन (बाद मालाचं प्रमाण) असतं, एवढाच फरक. रिपोर्टिंग सॉफ्टवेअर विकणारा येतो, लॅपटॉपवर रंगीत आलेख दाखवतो, सगळे खूश होतात. मग कुणीतरी म्हणतं, "आता यात आमचा डेटा दाखवा," आणि तिथंच घोडं पेंड खातं. आलेख काढणं कधीच अवघड नव्हतं. आकड्यापर्यंत पोचायचं कसं, या प्रश्नावर संगणक व्यवसायाची पन्नासहून जास्त वर्षं गेली आहेत, आणि त्या काळातला प्रत्येक थर आपल्याकडच्या कारखान्यांत आजही चालू स्थितीत सापडतो.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. आयबीएमने १९५९ साली आरपीजी ही खास अहवाल छापण्यासाठीची भाषा आणली, तेव्हा डेटा आणि अहवाल एकाच यंत्राच्या पोटात असायचे. कार्डांचा गठ्ठा आत घालायचा, कागद बाहेर. डेटा कसा रचून ठेवलाय हे अहवाल लिहिणाऱ्याला ठाऊक असणं गृहीतच होतं. आयबीएममधल्याच एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा एकमेकांशी जोडता येणाऱ्या टेबलांत ठेवायची पद्धत, मांडलं आणि हे गृहीतक मोडलं. डेटा डिस्कवर कुठं आणि कसा ठेवलाय याची काळजी विचारणाऱ्याने करायची नाही, त्याने फक्त काय हवं ते सांगायचं. त्यातून आयबीएममध्येच १९७४ मध्ये एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेचा पहिला अवतार आला, १९७९ मध्ये ओरॅकलने तो बाजारात विकायला काढला आणि १९८६ मध्ये अमेरिकेत एसक्यूएल अधिकृत प्रमाण ठरलं.

म्हणजे प्रश्न विचारायचं वाक्य ठरलं. ते वाक्य डेटाबेसपर्यंत न्यायचं कसं आणि उत्तर आणायचं कसं, हे मात्र प्रत्येक कंपनीने आपापलं ठेवलं. परिणाम साध्या गुणाकाराचा. बाजारात पाच रिपोर्टिंग सॉफ्टवेअर आणि सहा डेटाबेस असतील तर तीस जोडण्या वेगवेगळ्या लिहायच्या. मध्ये एक समाईक पद्धत आली तर अकरा पुरतात. यासाठी १९८९ मध्ये डेटाबेस कंपन्यांनी एसक्यूएल ॲक्सेस ग्रुप स्थापन केला आणि त्याच्या कामाचा आधार घेऊन मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर १९९२ मध्ये ओडीबीसी या समाईक जोडणी पद्धतीची पहिली आवृत्ती काढली. डेटाबेसवाल्याने आपला ड्रायव्हर (मधला दुभाषा प्रोग्राम) लिहायचा, रिपोर्टवाल्याने फक्त ओडीबीसीशी बोलायचं आणि वापरणाऱ्याने कंट्रोल पॅनेलमध्ये डीएसएन नावाची, डेटा कुठं आहे ते सांगणारी, एक नोंद करून ठेवायची. या सगळ्या इतिहासात माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट हीच. दिसायला कंटाळवाणी आहे, पण तीस वर्षांनंतरही तिला कुणी हलवू शकलेलं नाही.

त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? डॉसवर फॉक्सप्रो हा डेटाबेस प्रोग्राम. दूध संस्था, पतसंस्था, साखर कारखान्यांचा शेती विभाग, सगळीकडे त्याच्या डीबीएफ फायलींचं राज्य. डीबीएफची एक मजा आहे. फाईलच्या सुरुवातीलाच कोणते रकाने आहेत, किती रुंदीचे आहेत, याची यादी असते, त्यामुळे ती उघडून वाचणं सोपं. रकान्याचं नाव मात्र दहा अक्षरांच्या आत बसवावं लागे, म्हणून आजही जुन्या टेबलांत काहीच बोध न होणारी तोडकी नावं दिसतात आणि ती ज्याने दिली तो निवृत्त झालेला असतो. ओडीबीसीचा फॉक्सप्रो ड्रायव्हर आल्यावर या फायली थेट एक्सेलमध्ये दिसायला लागल्या, आणि बेरजा चुकायला लागल्या. कारण डीबीएफमध्ये नोंद खोडली तरी ती जात नाही. तिच्यासमोर फक्त एक खूण होते. पॅक ही आज्ञा देईपर्यंत ती फाईलमध्येच पडून असते. मूळ प्रोग्राम खोडलेल्या नोंदी लपवून बेरीज करायचा. ड्रायव्हरमधला तो पर्याय नीट लावला नसेल, तर रद्द झालेल्या वजनाच्या स्लिपासुद्धा गाळपात मिळवल्या जायच्या. दोन कागदांवर दोन टनेज, आणि काटामारीचा संशय मुरलेल्या या भागात ते कुणालाही परवडणारं नव्हतं.

दुसरी अडचण अस्सल आपली. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या जिस्ट कार्डामुळे डॉसवर देवनागरी आली आणि शेतकऱ्यांची नावं मराठीत साठवता येऊ लागली. पुढे विंडोजवर ज्याच्या त्याच्या फॉन्टची ज्याची त्याची सांकेतिक रचना आली. अशा फायली बाहेरच्या सॉफ्टवेअरला जोडल्या की उसाचं वजन बरोबर, आकारणी बरोबर आणि नावाच्या जागी इंग्रजी-फ्रेंच अक्षरांची खिचडी. फॉन्टवर आधारलेल्या साठवणीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी ठेवलेली असते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. त्यामुळे 'किसन' आणि 'शिवाजी' हे दोघंही नाववार यादीत वेलांटीखाली एकत्र जाऊन बसायचे. युनिकोड ही सगळ्या लिप्यांसाठीची समाईक सांकेतिक रचना आल्यावर हे संपायला हवं होतं. नवीन नोंदींपुरतं संपलंही. जुन्या वर्षांची तुलना हवी असेल तर आधी रूपांतर, आणि रूपांतरात जोडाक्षरं किती टिकली हे माणसाने डोळ्यांनी तपासणं, याला अजून पर्याय नाही.

या भागाचा इतिहास सांगताना वारणानगर सोडून चालणार नाही. १९९८ मध्ये केंद्र, राज्य आणि वारणा समूह यांनी मिळून वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्प सुरू केला. परिसरातल्या ७० गावांत संगणक केंद्रं उघडून ती कारखान्याशी जोडायची, म्हणजे उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन, खत, बिल ही माहिती शेतकऱ्याला गावातच मिळेल. कल्पना काळाच्या पुढची होती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरमधल्या संशोधकांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की या केंद्रांतून मुख्यतः जाते-येते ती अगदी थोडी, ठरावीक माहिती. मग त्यांनी काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून दाखवलं. मला यात तंत्रज्ञानापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची वाटते. वाहिनी बदलली, पण मूळ डेटा कारखान्याच्या सर्व्हरवरच राहिला. पाळी कधी, वजन किती, हे दोनच प्रश्न विचारायचे तर एसएमएस हीसुद्धा जोडणीच.

रिपोर्टिंग सॉफ्टवेअरच्या बाजूला या काळात क्रिस्टल रिपोर्ट्सचा जमाना होता. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरला जोड म्हणून जन्मलेलं हे साधन १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिकसोबत आपोआप मिळू लागलं. मग काय, राजारामपुरीच्या गल्ल्यांतल्या छोट्या सॉफ्टवेअर फर्म म्हणू नका, डिप्लोमाच्या पोरांची प्रोजेक्टं म्हणू नका, व्हीबी, ॲक्सेस आणि क्रिस्टल असं त्रिकूटच ठरून गेलं. बिलाची छपाई सुंदर यायची. पण प्रत्येक रिपोर्टच्या आत त्याची स्वतःची जोडणी आणि स्वतःची सूत्रं कोंबलेली. सर्व्हरचं नाव बदललं की एकेक रिपोर्ट उघडून दुरुस्त करत बसा.

याचं उत्तर फ्रान्समध्ये आधीच निघालं होतं. १९९० मध्ये स्थापन झालेल्या बिझनेस ऑब्जेक्ट्सने टेबलं आणि रिपोर्ट यांच्यामध्ये 'युनिव्हर्स' नावाचा एक थर घातला. 'निव्वळ वजन' म्हणजे कोणत्या टेबलातून काय वजा करायचं, हे एकदा तिथं ठरवायचं आणि सगळ्या रिपोर्टांनी तेच वापरायचं. मोठ्या कंपन्यांनी तो उचलला. लहान उद्योगांनी नाही, कारण हा थर बांधायला बसून चर्चा करावी लागते आणि चर्चेचं बिल कुणाला काढता येत नाही. २००७ मध्ये ओरॅकलने हायपेरियन घ्यायचं ठरवलं, सॅप या ईआरपी कंपनीने बिझनेस ऑब्जेक्ट्स आणि आयबीएमने कॉग्नोस, तिन्ही रिपोर्टिंगवालेच. ज्यांच्याकडे डेटा होता त्यांनीच तो वाचणारे विकत घेतले. 'आता हे सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या डेटाबेसला तितक्याच आपुलकीने जोडलं जाईल का,' ही ग्राहकांची शंका तेव्हापासूनची.

जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या जगात १९९७ पासून जेडीबीसी ही जोडणी आली, त्यावर जॅस्परसारखी मुक्त रिपोर्टिंग साधनं उभी राहिली. कल्पना ओडीबीसीचीच.

पण खरा वाद वेगळा होता : रिपोर्टने डेटाकडे जायचं, की डेटा उचलून रिपोर्टसाठी वेगळ्या कोठारात आणायचा? मिरज जंक्शनला एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशा तिन्ही गेजच्या गाड्या यायच्या. रूळ जुळत नसल्याने माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. डेटा वेअरहाऊस म्हणजे हेच. १९८८ मध्ये आयबीएमच्या दोन अभियंत्यांनी त्याची रचना मांडली, आणि १९९३ मध्ये स्थापन झालेल्या इन्फॉर्मेटिकासारख्या कंपन्या या चढ-उताराच्या कामावरच मोठ्या झाल्या. वेळ जातो, हमाली लागते. तरी भर हंगामात त्याची किंमत कळते. काट्याच्या चालू डेटाबेसवर कुणी ऑफिसात बसून पूर्ण हंगामाचा भलामोठा रिपोर्ट लावला, तर वाचण्यासाठी धरलेल्या लॉकमुळे काट्यावरची नवी नोंद अडकू शकते. यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग, स्क्रीनवर फिरणारं चक्र, आणि ऑपरेटरच्या नावाने शिव्या. रात्री प्रत काढून त्यावर रिपोर्ट चालवला असता तर हे टळलं असतं.

काही स्रोत तर थेट वाचूच देत नाहीत. वाहन कंपन्यांना कास्टिंग पुरवणाऱ्या ज्या उद्योगांनी सॅप घेतलं, त्यांच्या संगणकवाल्यांना बीएसईजी हे नाव चांगलं पाठ असतं. लेखा नोंदींच्या ओळी ज्यात असतात ते हे टेबल. हाना हा सॅपचा स्वतःचा डेटाबेस येण्यापूर्वीच्या सॅपमध्ये ते डेटाबेसात सरळ टेबल म्हणून नव्हतंच, दुसऱ्या एका क्लस्टरमध्ये गुंडाळून ठेवलेलं असायचं. ओडीबीसीने कितीही दार ठोठावलं तरी आत काही दिसायचं नाही. सॅपच्याच प्रोग्रामच्या मार्गाने जावं लागे. टॅलीचा स्वभाव उलट. तो चालू असताना स्वतःच ओडीबीसी सर्व्हर होतो, नेहमीच्या मांडणीत ९००० क्रमांकाच्या पोर्टवर. पण टॅली उघडी हवी आणि हवी ती कंपनी त्यात लोड झालेली हवी. संध्याकाळी अकाउंटंटने मशीन बंद केलं की रिपोर्ट रिकामा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जेसन हा पोर्टलच्या फायलींच्या प्रकाराचा शब्द कर सल्लागारांच्याही तोंडी बसला. पोर्टलवरचे आकडे आणि टॅलीतले आकडे जुळवणं हे दर महिन्याचं काम झालं, म्हणजे आणखी एक स्रोत.

यंत्रांची कथा आणखी जुनी. वजनकाट्याचा इंडिकेटर आजही अनेक ठिकाणी आरएस-२३२ केबलमधून अक्षरांची एक माळ पाठवतो. त्या प्रमाणाचा जन्म १९६० चा. भट्टीचं पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा संगणक) मॉडबस या यंत्रांच्या भाषेत बोलतं, ती १९७९ ची. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकाच पद्धतीने वाचता यावीत म्हणून १९९६ मध्ये ओपीसी हे प्रमाण आलं. ओडीबीसीने डेटाबेससाठी केलं तेच यांनी यंत्रांसाठी केलं, असं म्हणायला हरकत नाही. फौंड्रीत स्पेक्ट्रोमीटरचं (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग आणि त्याच हीटचं रिजेक्शन शेजारी शेजारी दिसलं तर दोष कुठल्या ओतकामात आला ते शोधता येतं. अडचण वायरीची कमी असते. स्पेक्ट्रोवर हीट नंबर एका पद्धतीने टाइप केलेला, फेटलिंग शॉपच्या (कास्टिंग साफ करायच्या विभागाच्या) रजिस्टरात दुसऱ्या पद्धतीने, मग जोडायचं कशावर?

साखर कारखान्यात तर 'दिवस' कोणता यावरच गाडी अडते. पाळी पहाटे चारला बदलत असेल तर कारखान्याचा दिवस चारला संपतो. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसचा रात्री बाराला संपतो. बारा ते चारच्या दरम्यान काट्यावर आलेला ऊस एका रिपोर्टमध्ये काल, दुसऱ्यात आज. प्रयोगशाळेचा उतारा पाळीप्रमाणे काढलेला. मग टन एका दिवसाचे आणि टक्का दुसऱ्याचा असं गणित बसतं. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशिराला वर्षाला १५ टक्के व्याज लागतं, आणि एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, उताऱ्याशी बांधलेली. तेव्हा ही तारीख केवळ छपाईची बाब राहत नाही. कोणताही ड्रायव्हर हे ठरवून देत नाही. शेती विभाग, लॅब आणि अकाउंट्स यांनी एका टेबलाशी बसून ठरवावं लागतं, आणि माझ्या पाहण्यात जोडणीचा निम्म्याहून जास्त वेळ इथेच जातो.

२०१५ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय हे रिपोर्टिंग साधन सर्वांसाठी खुलं झालं, तेव्हा रिपोर्ट ढगात, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर, गेला आणि डेटा कागलच्या शेडमध्येच राहिला. त्यासाठी गेटवे नावाचा प्रोग्राम आतल्या एखाद्या मशीनवर बसवतात. तो स्वतःहून बाहेर जोडणी करतो, त्यामुळे फायरवॉलला बाहेरून आत येण्याचं भोक पाडावं लागत नाही. पण गेटवे ६४ बिटचा आणि फॉक्सप्रोचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा, त्यामुळे दोघांचं थेट जमत नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा आधार मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१५ मध्येच थांबवला, म्हणजे ६४ बिटचा ड्रायव्हर येण्याची आशा नाही. त्यात विंडोजची एक गंमत आहे. ओडीबीसीची नोंद करायचे दोन प्रोग्राम, दोघांचं नाव सारखंच, नावात ३२. पण सिस्टम३२ फोल्डरमधला ६४ बिटचा आणि सिसवॉव६४ मधला ३२ बिटचा. नवा पोरगा अर्धा दिवस चुकीच्या खिडकीत डीएसएन करत बसतो आणि रिपोर्ट म्हणतो स्रोत सापडला नाही.

म्हणून बऱ्याच ठिकाणी मधला मार्ग निघालाय. रात्री एक छोटा ३२ बिटचा प्रोग्राम डीबीएफ वाचतो, खोडलेल्या नोंदी वगळतो, नावं युनिकोडमध्ये करतो, पहाटे चारच्या हिशेबाने तारीख लावतो आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये टाकतो. पॉवर बीआय तिथून उचलतं. आता स्क्रीनवर मराठीत "कालचा उतारा किती?" असं विचारायची सोय विकणारेही यायला लागलेत. ते आतून पुन्हा एसक्यूएलचंच वाक्य तयार करतात आणि बहुतेक वेळा त्याच जुन्या ड्रायव्हरवाटे पाठवतात. डेमोला आले तर त्यांना पहाटे दोनच्या ट्रॉलीचं वजन विचारून बघा.